डिस्कवर लिहिताना एरर आली: ड्रायव्हर आत काय करतो, आपण बाहेर काय करायचं

हा लेख हार्डवेअरच्या किंवा सर्व्हर सांभाळण्याच्या कामात नव्याने पडलेल्यांसाठी आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली अकाउंटची मशीन, पतसंस्थांचे छोटे सर्व्हर, राजारामपुरीतल्या दुकानांचे बिलिंगचे संगणक, सगळीकडे तक्रार एकाच थाटात येते: "काल सेव्ह केलेलं आज दिसत नाही", नाहीतर "मशीन मधेच अडकतंय". त्यावर बहुतेक जण थेट फॉरमॅट मारतात किंवा डिस्क दुरुस्तीची कमांड चालवतात. दोन्ही घाईचं काम आहे. एरर नेमकी कोणत्या थरात उगवली हे आधी कळलं, तर अर्ध्या वेळा तीनशे रुपयांच्या आतल्या केबलवर काम भागतं. उरलेल्या वेळा निदान डेटा तरी हाती लागतो.

उदाहरणं मुख्यतः लिनक्सची आहेत, कारण तिथे आतलं सगळं उघड दिसतं. विंडोजचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलं आहे. कमांडची आणि संदेशांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजी घालायचे. मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे.

हाताशी काय असावं

- लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह, त्यात स्मार्टमॉनटूल्स (डिस्कच्या आरोग्याची नोंद वाचायला) आणि जीएनयू डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची कॉपी काढायला)
- खराब डिस्कएवढी किंवा त्याहून मोठी, तपासलेली रिकामी डिस्क
- दोन नव्या साटा (डिस्क जोडायच्या) डेटा केबल (जुन्या डब्यातल्या नकोत)
- मल्टिमीटर
- जमल्यास चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा)
- वही. मशीन बंद केलं की कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) मेमरीतला लॉग जातो, त्यामुळे मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, पण नोंद हवीच

१. "सेव्ह झालं" म्हणजे कुठवर पोहोचलं?

प्रोग्रॅम लिहितो तेव्हा डेटा आधी मेमरीतल्या पेज कॅशमध्ये जातो आणि कर्नल लगेच "झालं" म्हणून मोकळा होतो. मध्यवर्ती बसस्थानकावर एसटीत पार्सल टाकल्याची पावती मिळते तसंच हे: दिल्याची पावती, पोहोचल्याची नाही. लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे मागचे धागे दर ५ सेकंदांनी जागे होतात आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी झालेली पानं डिस्ककडे धाडतात. तिथून पुढचा रस्ता असा: फाइल सिस्टिम, ब्लॉक लेयर, स्कझी किंवा एनव्हीएमई (डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती) ड्रायव्हर, कंट्रोलर, केबल, डिस्कची स्वतःची कॅश आणि सगळ्यात शेवटी प्लॅटर (हार्ड डिस्कची फिरती चकती) किंवा फ्लॅश चिप.

एरर यांपैकी कुठल्याही टप्प्यावर येऊ शकते. ती येते तेव्हा ज्या प्रोग्रॅमने लिहिलं तो कदाचित बंदही झालेला असतो. वाचताना एरर आली तर मागणारा समोर उभा असतो, त्याला तिथल्या तिथे नकार देता येतो. लिहिण्याच्या बाबतीत तसं होत नाही. या विषयातला जवळजवळ सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

२. डिस्क आधी स्वतःच पांघरूण घालते

हार्ड डिस्क लिहिल्यावर सहसा लगेच वाचून पडताळत नाही. त्यामुळे कमकुवत सेक्टरवर (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यावर) लिहिलेलं "यशस्वी" ठरतं आणि बिंग पुढे कधीतरी वाचताना फुटतं. तेव्हा तो सेक्टर प्रलंबित यादीत जातो (स्मार्ट म्हणजे डिस्कची स्वतःची आरोग्य नोंद, त्यातला १९७ नंबर). त्याच जागी पुन्हा लिहायला गेलं की डिस्क तपासून बघते. जागा ठीक असली तर प्रलंबितचा आकडा कमी होतो. नसली तर राखीव सेक्टरपैकी एक तिथे जोडून देते आणि ५ नंबरचा आकडा वाढतो. ऑपरेटिंग सिस्टिमला या अदलाबदलीतलं काही कळत नाही.

म्हणून एक आडाखा पक्का धरा. वाचण्याची एरर एखाद्या बॅड सेक्टरमुळे येऊ शकते आणि डिस्क त्यानंतरही काही काळ चालू शकते. लिहिण्याची एरर ड्रायव्हरपर्यंत पोहोचली, याचा अर्थ डिस्कला पांघरूण घालता आलं नाही. राखीव जागा संपली असेल, हेड किंवा सर्किट गेलं असेल, नाहीतर केबल आणि वीज यांचा घोळ असेल. नवखे लोक हे दोन्ही प्रकार "बॅड सेक्टर आहेत" या एका वाक्यात गुंडाळतात आणि तिथेच चुकतात.

एसएसडीची तऱ्हा निराळी. राखीव ब्लॉक संपत आले की काही एसएसडी आणि पेनड्राइव्ह स्वतःला फक्त वाचण्यापुरते ठेवतात. एनव्हीएमईच्या आरोग्य नोंदीत "क्रिटिकल वॉर्निंग" शून्याऐवजी ०x०८ दिसलं तर तेच झालेलं आहे. अशा डिस्कशी झटापट करू नका. वाचता येतंय तोवर कॉपी काढून घ्या.

३. ड्रायव्हरची धडपड

कमांड पाठवली की ड्रायव्हर घड्याळ लावतो. लिनक्सच्या स्कझी डिस्क ड्रायव्हरमध्ये मुदत ३० सेकंद आणि पुन्हा प्रयत्न ५. साटा डिस्कसुद्धा याच ड्रायव्हरखालून जातात. एनव्हीएमईलाही मूळ मुदत ३० सेकंदच. विंडोजमध्ये डिस्क सेवेची "टाइमआउट व्हॅल्यू" साधारणपणे ६० असते.

डिस्कने स्वतःहून एरर कळवली तर काम सोपं असतं. ड्रायव्हर कारण वाचतो, पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे का ते ठरवतो आणि नसेल तर एरर वर पाठवतो. खरा त्रास डिस्क गप्प बसली की होतो. मग चढत्या क्रमाने उपाय सुरू होतात: ती एक कमांड रद्द करणं, डिव्हाइस रिसेट, टार्गेट रिसेट, बस रिसेट, अखेर पूर्ण होस्ट ॲडॅप्टर रिसेट. इतकं करूनही डिस्क हलली नाही तर तिला ऑफलाइन ठरवतात आणि पुढची प्रत्येक विनंती "रिजेक्टिंग आय-ओ टू ऑफलाइन डिव्हाइस" म्हणत परत येते. मशीन एकेक मिनिट अडकतं ते या मुदती एकामागून एक संपत असतात म्हणून. प्रोसेसर तेव्हा रिकामाच बसलेला असतो.

सर्व्हरच्या एचबीए कार्डावर (अनेक डिस्क जोडणाऱ्या कार्डावर) आणखी एक चकवा आहे. दुरुस्ती सुरू असताना त्या कार्डावरची (ड्रायव्हरच्या भाषेत त्या होस्टवरची) नवी कामं थांबवली जातात, त्यामुळे शेजारची धडधाकट डिस्कही अडकल्यासारखी दिसते. मदरबोर्डच्या साटा पोर्टवर प्रत्येक पोर्ट स्वतंत्र होस्ट असतो, तिथे हे होत नाही. कार्डावर दोन डिस्क एकदम "गेल्या" असं वाटलं तर आधी पहिली एरर कुणाची होती ते शोधा.

साटाच्या एनसीक्यू रांगेत (डिस्ककडे एकदम सोपवलेल्या कमांडच्या रांगेत) एका वेळी ३२ कमांडपर्यंत असतात. एक फसली की रांगेतल्या सगळ्याच मागे येतात. ड्रायव्हर डिस्कच्या लॉगमधून नेमकी दोषी कमांड शोधतो आणि बाकीच्या पुन्हा धाडतो. वारंवार असं झालं तर तो एनसीक्यू बंद करतो किंवा लिंकचा वेग ६ वरून ३ गिगाबिटवर आणतो. "लिमिटिंग साटा लिंक स्पीड" अशी ओळ दिसली तर ड्रायव्हरचा संशय केबलवर आहे. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

४. लॉग वाचा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला

"डीमेसेज" ही कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड "-टी" (हा टी मात्र मोठ्या अक्षरात) लावून चालवा, म्हणजे वेळ माणसाला कळेल अशी दिसते. सगळ्यात शेवटची ओळ बघू नका. त्या डिस्कच्या नावाने आलेली पहिली एरर शोधा, पुढच्या शंभर ओळी तिचंच शेपूट असतात.

समजा हे दिसलं: "फेल्ड कमांड: राइट एफपीडीएमए क्यूड", खाली "एरर: आयसीआरसी एबीआरटी", मग "हार्ड रिसेटिंग लिंक". आयसीआरसी म्हणजे तारेवरून जाताना डेटा बिघडला. प्लॅटरपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. स्मार्टमधला १९९ नंबर वाढलेला असेल. केबल बदला, दुसऱ्या पोर्टवर लावा. १९९ चा आकडा खाली येत नसतो, तेव्हा आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने तो तिथेच थांबलाय का बघा.

त्याजागी "आयडीएनएफ" असेल तर डिस्कला तो सेक्टर सापडतच नाही आहे. "सेन्स की: मीडियम एरर" आणि सोबत "राइट एरर, ऑटो रिअलोकेशन फेल्ड" असेल तर राखीव जागेवर हलवणंही जमलेलं नाही, डिस्क बदलायची. "हार्डवेअर एरर" असेल तरी तेच. "डेटा प्रोटेक्ट" म्हणजे डिस्कने लिहायला दार लावून घेतलंय. कारण काहीच नसेल, नुसता टाइमआउट आणि मग रिसेट असेल, तर आधी वीज तपासा.

"आय-ओ एरर, डिव्ह एसडीबी, सेक्टर अमुक, ऑप ०x१" या ओळीतला शेवटचा आकडा महत्त्वाचा: ०x० म्हणजे वाचणं, ०x१ म्हणजे लिहिणं. आणि "लॉस्ट असिंक पेज राइट" दिसलं तर तो डेटा गेला. कर्नल तो परत पाठवणार नाही.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये हे नंबर शोधा: ७ म्हणजे खराब ब्लॉक, ११ म्हणजे कंट्रोलरची एरर, ५१ म्हणजे पेजिंगच्या वेळची एरर, १२९ म्हणजे रिसेट, १५३ म्हणजे पुन्हा प्रयत्न करावा लागला. एनटीएफएसच्या नावाने ५० आला तर "डिलेड राइट फेल्ड", म्हणजे वरचंच प्रकरण. वापरणाऱ्याला १५३ सहसा जाणवत नाही. पण रोज येत असेल तर बॅकअप आजच घ्या.

५. फाइल सिस्टिम प्रत्येक एररला सारखा भाव देत नाही

ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) किंवा मेटाडेटा (कुठली फाइल कुठे आहे ही माहिती) लिहिताना एरर आली तर जर्नल थांबतं आणि फाइल सिस्टिम "रिमाउंट-आरओ" होते, म्हणजे फक्त वाचण्यापुरती राहते. वापरणारा म्हणतो "परवानगी नाही असं सांगतंय", आणि नवखा माणूस परवानग्या बदलत बसतो. पण तुमच्या साध्या फाइलचा मजकूर लिहिताना एरर आली तर ईएक्सटी४ मूळ सेटिंगमध्ये थांबत नाही. ते चालूच राहतं आणि लॉगमध्ये एक ओळ पडते, एवढंच. म्हणजे "फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झाली नाही, त्याअर्थी सगळं ठीक" हा समज खोटा आहे.

एरर आल्यावर काय करायचं ते "ट्यून२एफएस -एल" मधल्या "एरर्स बिहेव्हियर" या ओळीत दिसतं. तिथे "कंटिन्यू" असेल आणि एफएसटॅबमध्येही (डिस्क कशी जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) वेगळं काही लिहिलेलं नसेल तर बदलून घ्या. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम आपला लॉग (म्हणजे जर्नल) लिहिता आला नाही की सरळ बंद पडते. ऐकायला कठोर वाटतं, पण हिशेबाच्या मशीनसाठी मला तेच बरं वाटतं.

६. एफसिंकचा सापळा

डेटा खरोखर डिस्कवर गेला का, हे प्रोग्रॅम एफसिंक करून विचारतो. मागे लिहिताना आलेली एरर त्याच वेळी त्याच्या हाती पडते: ईआयओ, आकडा ५. मग बरेच प्रोग्रॅम समंजसपणे पुन्हा एफसिंक करतात आणि या वेळी उत्तर येतं "यशस्वी". कारण एरर आल्यावर कर्नलने ती पानं स्वच्छ ठरवून टाकलेली असतात, पाठवायला काही उरलेलंच नसतं. डेटा डिस्कवर नसतो आणि प्रोग्रॅम निर्धास्त असतो.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या मंडळींना हे २०१८ मध्ये लक्षात आलं. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारित आवृत्त्यांपासून एफसिंक फसलं की ते सर्व्हर मुद्दाम पाडतात आणि नोंदींच्या लॉगवरून पुन्हा उभं करतात. त्याआधी लिनक्स ४.१३ मध्ये (२०१७) कर्नलने एवढी सुधारणा केली होती की फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला ती एरर एकदा तरी कळावी. एकदाच, हे विसरू नका.

तुम्ही स्वतः बॅकअपची स्क्रिप्ट लिहीत असाल तर एफसिंक फसल्यावर "पुन्हा प्रयत्न" म्हणजे फाइल पहिल्यापासून पुन्हा लिहिणं, तीही दुसऱ्या डिस्कवर.

७. गिऱ्हाइकाच्या मशीनवर जाण्याआधी घरी करून बघा

खराब डिस्कची गरज नाही. लिनक्सच्या डिव्हाइस मॅपरमध्ये (तुकडे जोडून नकली डिस्क रचण्याच्या सोयीत) "एरर" नावाचं लक्ष्य आहे, तिथे गेलेली प्रत्येक विनंती फसते.

"ट्रंकेट" वापरून १०० एमबीची रिकामी फाइल करा. "लोसेटअप -एफ" ने ती लूप डिव्हाइसला (फाइलला डिस्क म्हणून दाखवणाऱ्या) जोडा, समजा लूप० मिळालं. १०० एमबी म्हणजे ५१२ बाइटचे २०४८०० सेक्टर. आता "डीएमसेटअप क्रिएट" ला तीन ओळींची यादी द्या:

पहिली: ० पासून १०२४०० सेक्टर, लिनिअर (जसंच्या तसं खाली धाडणारं), लूप० च्या ० पासून.
दुसरी: १०२४०० पासून ८ सेक्टर, एरर.
तिसरी: १०२४०८ पासून १०२३९२ सेक्टर, लिनिअर, लूप० च्या १०२४०८ पासून.

बेरीज फाइलपेक्षा मोठी झाली किंवा मधे फट राहिली तर कमांड घेतच नाही. आता मधोमध ४ केबीचा एक खड्डा असलेली डिस्क तयार झाली. तिच्यावर "डीडी" या ब्लॉक जसेच्या तसे लिहिणाऱ्या कमांडने शून्यं भरा, ब्लॉक १ एमबीचा, संख्या १००, तीन प्रकारे.

साधं डीडी: १०० रेकॉर्ड लिहिले, काही तक्रार नाही. डीमेसेजमध्ये मात्र "लॉजिकल ब्लॉक १२८००, लॉस्ट असिंक पेज राइट". (१०२४०० भागिले ८, कारण ब्लॉक ४ केबीचा.)

"कॉन्व्ह=एफसिंक" लावून: सगळं लिहून झाल्यावर शेवटी "एफसिंक फेल्ड, इनपुट-आउटपुट एरर". कुठे फसलं ते डीडी सांगू शकत नाही.

"ओफ्लॅग=डायरेक्ट" लावून: ५० रेकॉर्ड नीट जातात आणि एक्कावन्नाव्याला तिथल्या तिथे एरर. पेज कॅश मधे नाही, म्हणून जागाही कळली.

हे तीन निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्या कलमातलं सगळं त्यात आहे. संपल्यावर "डीएमसेटअप रिमूव्ह" आणि "लोसेटअप -डी". डिव्हाइसचं नाव दोनदा वाचल्याशिवाय डीडीला एंटर मारू नका, हे वेगळं सांगायला नको.

८. खरी तक्रार आली की कामाचा क्रम

लिहिणं थांबवा. सॉफ्टवेअर बंद करा, पण मशीन तडक बंद करू नका, आधी लॉग दुसरीकडे उतरवा. मग "स्मार्टसीटीएल -एक्स" चा पूर्ण निकाल जपून ठेवा. ५, १९७, १९८, १९९ हे आकडे वहीत. वरती "पास्ड" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. डिस्क मरायला टेकली तरी तो शेरा तसाच राहू शकतो.

लॉगचा रोख केबलकडे असेल तर केबल बदला, पुन्हा चालवून बघा. नसेल तर लाइव्ह लिनक्सवर या आणि "ब्लॉकडेव्ह --सेटआरओ" ने डिस्कला कुलूप लावा. माउंट करून बघायचंच असेल तर नुसतं "आरओ" पुरत नाही, ईएक्सटी४ तरीही जर्नल पुन्हा चालवायला जातं. सोबत "नोलोड" द्या, एक्सएफएसला "नोरिकव्हरी".

त्यानंतर डीडीरेस्क्यू, नकाशाच्या फाइलसकट (कुठवर कॉपी झाली याची नोंद ठेवणारी). पहिल्या फेरीला "-एन", म्हणजे सोपा भाग आधी निघतो आणि खराब जागी डिस्क घासत बसत नाही. दुसऱ्या फेरीत "-आर३". नकाशाची फाइल असेल तर मधेच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. एफएससीके किंवा चेकडिस्क (लिनक्स आणि विंडोजच्या दुरुस्तीच्या कमांड) चालवायचं ते कॉपीवर, मूळ डिस्कवर कधीच नाही. दोन्ही कमांड दुरुस्ती करताना लिहितात, आणि या डिस्कचा आजार लिहिण्याचाच आहे.

जाता जाता एक: जागा संपल्याची एरर (आकडा २८) आणि ईआयओ यांत गल्लत होते. "डीएफ" (उरलेली जागा दाखवणारी कमांड) एकदा बघून घ्या, नाहीतर चांगली डिस्क काढून बसाल.

९. रेड असेल तर

लिनक्सचं एमडी रेड (अनेक डिस्क मिळून एक, म्हणजे एक गेली तरी डेटा राहावा) वाचण्याची एरर आली की दुसऱ्या डिस्कवरचा डेटा आणून तिथे पुन्हा लिहितं आणि पुढे चालतं. लिहिण्याची एरर आली की सहसा त्या डिस्कला बाहेर काढतं. एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) तिच्यापुढे "(एफ)" आणि "[यू_]" दिसेल. तीच डिस्क पुन्हा जोडून "बघू चालते का" करू नका, ती का बाहेर पडली हे कळेपर्यंत तरी नाही.

एक जुळवणी मात्र बघाच. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर एकेक-दोन-दोन मिनिटं झगडत राहू शकते. कर्नल ३० सेकंदांत हात टेकतो, रिसेट मारतो आणि बरी होऊ शकली असती ती डिस्क रेडमधून बाद होते. "स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७०" दिलं की डिस्क ७ सेकंदांत एरर कळवते. बहुतेक डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, म्हणून सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घाला. डिस्क हे मानत नसेल तर उलट बाजूने जा: त्या डिस्कच्या सिस फोल्डरमधल्या टाइमआउट फाइलमध्ये १८० लिहा.

१०. आपल्याकडच्या मशीनची खास दुखणी

फाउंड्रीत भट्टी सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर दबतं. यूपीएस जुना असेल तर ते एसएमपीएसपर्यंत पोहोचतं. डिस्कवर काम सुरू असतानाच मल्टिमीटर लावा: पिवळी तार ११.४० ते १२.६०, लाल ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. रिकाम्या मशीनवर घेतलेलं माप फसवं असतं. मोलेक्सवरून साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे कनेक्टर दिसले तर काढूनच टाका, ते तापून वितळतात.

लोखंडाची बारीक धूळ एसएमपीएसमध्ये आणि पोर्टमध्ये साचते. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या अंगाला दमट हवेने संपर्क काळे पडतात. पोर्टमधून केबल दोन-चार वेळा काढून घातली आणि एरर थांबली तर ते कायमचं समजू नका, केबल बदला. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजून वाळवलेली मशीन अजूनही कुठे कुठे चालू आहेत. त्यांत टाइमआउट आले तर डिस्कइतकाच संशय पॉवर कनेक्टरच्या हिरव्या पडलेल्या पिनांवर घ्या.

लाइट सारखी जात असेल आणि यूपीएसची बॅटरी भरवशाची नसेल, तर हिशेबाच्या डिस्कची राइट कॅश "एचडीपार्म -डब्ल्यू ०" ने (डब्ल्यू मोठ्या अक्षरातच) बंद करायचा विचार करा. लिहिण्याचा वेग चांगलाच घटतो. मालकाला हे आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी "तुम्ही हात लावल्यापासून मशीन स्लो झालं" म्हणून फोन येईल.

नवी डिस्क बसवल्यावर डेटा टाकण्याआधी "स्मार्टसीटीएल -टी लाँग" चालवा. मोठ्या डिस्कला ही चाचणी काही तास घेते, म्हणून संध्याकाळी लावून जा. ती फक्त वाचून तपासते, म्हणून नंतर रिकाम्या डिस्कवर एकदा "ओफ्लॅग=डायरेक्ट" ने पूर्ण लिहूनही बघा. १९९ चा आकडा आधी आणि नंतर सारखा आला तर केबलही पास.